दोघांच्या मधलं पाऊल

माझ्यापासून पुंजाजीला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. दोन सरकारी नोकऱ्या. थोरला पोरगा देवमन आणि धाकटा जानराव, दोघंही पोलिसांच्या फुटबॉल संघात लागणार, दोघांच्या अंगावर खाकी चढणार, आणि रिसोडच्या धान्यबाजारात पोती वाहून वाकलेली पाठ पुंजाजी एकदाची खाटेला टेकवणार. एवढं सगळं बुटांच्या एका जोडावर. मित्रांनो, माणसं बैलाकडूनसुद्धा इतकी अपेक्षा धरत नाहीत. तो जोड म्हणजे मी.

आता मी जुना झालो आहे. कातडं वाळून चोचीसारखं वर वळलंय, नाड्या उंदरांनी नेल्या. पण चौऱ्याहत्तर साली मी कोरा होतो. आग्र्याच्या एका कारागिराने मला शिवलं, टाचेला दुहेरी टाका घातला, घसरू नये म्हणून तळव्याला चामड्याच्या गोल गुट्ट्या ठोकल्या. तिथून मी अकोल्याला गोविंदसिंगाच्या दुकानात आलो आणि खुंटीला लटकून गिऱ्हाइकांचे पाय बघू लागलो. गिऱ्हाईक चेहऱ्याने फसवतं, पायाने नाही, एवढं मी तिथे शिकलो.

इकडे रिसोडात दोघं भाऊ अनवाणीच खेळायचे. बाजारामागच्या काळ्या रानात, ढेकळं फोडत. देवमन उंच, पंजा रुंद. तो पुढे खेळायचा. जानराव ठेंगणा, पाऊल लहान. तो मागे राहून आल्या माणसाला अडवायचा. बघणारे म्हणायचे, पुंजाजीच्या पोरांना फक्त कुणीतरी बघायला पाहिजे. मग पोलिसांच्या संघाकडून बोलावणं आलं: अकोल्याला निवड आहे, देवमनचं नाव पहिल्या दिवशी, जानरावचं दुसऱ्या. आणि खाली ओळ होती, की पायात बूट नसेल त्याने मैदानात उतरू नये.

पुंजाजीची ऐपत एका जोडाची होती. यात लाजण्यासारखं काही नाही. एका जोडात दोन दिवस दोन भाऊ खेळले असते. प्रश्न एवढाच, की जोड कुणाच्या मापाचा घ्यायचा.

आता या घराची रीत ऐका. केशरबाई, म्हणजे पोरांची माय, भाकरी मोडायची ती मधोमध. एक तुकडा मोठा झालाच, तर त्याची कोर मोडून दुसऱ्यावर ठेवायची. धर्म बदलला तेव्हापासून पुंजाजी सांगायचा, की माणूस माणसाहून कमी नाही. मग घरात तरी कुणाला कमी का द्यावं? वाटणीवरून या घरात कधी आवाज चढला नाही. अशा घरात बुटाचं माप कसं निघेल? पुंजाजीने जुन्या कागदावर कोळशाने देवमनचं पाऊल काढलं. त्याच्या आत जानरावचं काढलं. आणि दोन्ही रेघांच्या बरोबर मधून तिसरं पाऊल ओढलं. ते या जगात कुणाचंच नव्हतं. तेवढंच कापून, घडी करून, तो एसटीत बसला.

गोविंदसिंगाने कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, पाय कुणाचा? पुंजाजी म्हणाला, दोन्ही पोरांचा.

"जोडा पायाले होते बाबा, घराले नाही होत," गोविंदसिंग म्हणाला. "एकाचं नाव सांगा. नाही तं पोरं घेऊन या, मोजे घालू, उभं करू, दुकानासमोर पळवू."

पुंजाजीने कागद पुन्हा त्याच्यापुढे सारला.

"एकाचं नाव घेऊ तं दुसऱ्याले तोंड कसं दाखवू, शेठ? हाच द्या."

आणि मी खुंटीवरून उतरलो.

पहिल्या दिवशी देवमन. त्याचा रुंद पंजा माझ्यात असा कोंबला गेला, की बोटं एकमेकांवर चढली. अर्धा खेळ त्याने ओठ दातांत धरून काढला. मग अंगठ्याचं नख उचकटलं. गोल समोर मोकळा, चेंडू पायाशी, आणि त्याने क्षणभर पाय आखडला. तेवढ्यात चेंडू गेला. निवडणारे साहेब शेजारच्याला म्हणाले, की पोरगा तयार आहे, पण चेंडूला पाय लावायला भितो. ढेकळांना न भ्यालेला पोरगा.

संध्याकाळी देवमनने मला नळाखाली धरून आतलं रक्त धुतलं. जानरावने विचारलं, "दादा, चावतेत का?"

"नाही रे. झकास हायेत. तू घाल बिनघोर."

खरं सांगितलं असतं तर धाकटा बिचकला असता आणि गोष्ट बाबांच्या कानावर गेली असती. म्हणून देवमन खोटं बोलला, आणि फार चांगलं बोलला.

दुसऱ्या दिवशी मी जानरावच्या पायात डुगडुगत होतो. त्याने पुढे कापूस कोंबला. त्याच्याच मापाचा एक मालेगावकडचा पोरगा, हरिसिंग, खेळून मोकळा झाला होता. तो आपले बूट काढून पुढे करू लागला. जानराव हसला.

"आमच्या बाबानं माह्यासाठी आणले ना. दुसऱ्याचे कायले घालू?"

खेळ रंगात होता. जानरावने दोनदा माणूस अडवला, साहेबांनी मान हलवली. तिसऱ्यांदा तो झपकन वळला. मी जमिनीत रुतून जागेवरच राहिलो, पाय माझ्या आत फिरला. घोट्याचा आवाज मी सगळ्यांच्या आधी ऐकला.

मित्रांनो, पाय आत घालून, उभं राहून, चार ढांगा पळून मग बूट घ्या. आणि दोघांत एकच येणार असेल, तर एकाचं नाव घ्यायचं धाडस करा; नाव न निघालेला रुसेल, पण धड चालेल. बूट चावत असेल, तर घरच्यांच्या मायेपोटी गप्प बसू नका.

मला परत कुणी घातलं नाही, तेल लावलं नाही. जुनंपानं विकत घेणारा मोडवाला दारावर आला, की केशरबाई मला धान्याच्या कणगीमागे सारते. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

राहता राहिलं, माझी किंमत कुणी कशाने भरली ते. देवमनने नोकरी भरली आणि आता बापाशेजारी पोती वाहतो, भावाच्या वाटचीही. जानरावने घोटा भरला. तो लंगडत बाजाराच्या फाटकावर बसतो, जड काही उचलत नाही. आणि पुंजाजी? त्याला घरात कुणी एका शब्दाने बोल लावला नाही. कुणी लावला असता, तर त्याचं थोडं तरी फिटलं असतं.