चौकशीबाई आणि न उघडणारं पान

चौकशीबाईंच्या कॉम्प्युटरचं दुखणं गुरुवारी सकाळी सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह भरलेलं, राउटरचे चारही दिवे हिरवेगार, सगळं जिथल्या तिथे जोडलेलं; पण एक पान उघडेल तर शपथ. काहीही टाइप करा, पांढऱ्या पडद्यावर तेच वाक्य: पत्ता सापडत नाही. असून अडचण, नसून खोळंबा.

त्यांना चौकशीबाई म्हणत ते त्यांच्या नोकरीवरून. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौकशीच्या खुर्चीवर बसल्या. लोक नाव सांगत, त्या नंबर सांगत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, नवऱ्याला जाऊन सहा, तरी इमारतीत सगळे त्याच नावाने हाक मारत. खरं नाव बहुधा फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

त्यांचा मोबाइल साधा, बटणांचा. परदेशातली लेक दर रविवारी अकरा वाजता कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायची, मागून नातवंडं तोंडं वेंगाडून जायची, आणि वीस-पंचवीस मिनिटांत आठवडा साजरा व्हायचा.

गुरुवारी त्यांनी इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी एका दमात म्हणाली, "राउटर बंद करून चालू करा."

"तीनदा केलं."

"आमच्याकडून लाइन ठीक दिसतेय, मॅडम." आणि फोन बंद. शुक्रवारी वेगळा आवाज, तोच पाढा. चौकशीबाईंनी हात टेकले.

आता खरं सांगायचं तर लेकीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. बटणं दाबायची, की झालं. पण शनिवारी मोबाइल हातात घेऊन त्यांनी तो परत ठेवून दिला. उद्या मी दिसले नाही की तिचा जीव टांगणीला लागेल, आणि करेल फोन. बघू या. हे 'बघू या' त्यांना स्वतःलाही फारसं आवडलं नाही, पण मनातून जाईना.

रविवारी अकराला त्या केस नीट करून कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावर कुणी येणार नाही हे माहीत असूनही बसल्या. मोबाइल शेजारी. सव्वाअकरा. साडेअकराला आवाज मोठा केलाय ना ते पाहिलं. बारा वाजता घरातल्या जुन्या फोनवरून स्वतःच्याच मोबाइलला फोन लावून पाहिला. मोबाइल खणखणीत वाजला. इतका, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. जेवण एकटीचंच, त्या दिवशी मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी पुन्हा मदत क्रमांक लावला. या वेळी मिळालेला माणूस घाईत नव्हता. त्याने एक काळी खिडकी उघडायला लावली आणि मध्ये टिंबं असलेला एक नंबर टाइप करायला सांगितला. पटापट चार ओळी आल्या.

"उत्तर येतंय," बाई म्हणाल्या.

"छान. आता तिथेच नंबरऐवजी एखाद्या साइटचं नाव घाला."

घातलं. नाव सापडत नाही.

चौकशीबाई खुर्चीत सरळ झाल्या. "अहो, म्हणजे लाइन जिवंत आहे! नंबर लागतोय. नावावरून नंबर काढून देणारा तेवढा जागेवर नाही."

पलीकडचा हसला. "मॅडम, लोकांना हे सांगता सांगता माझी अर्धी पाळी संपते. डीएनएस म्हणतात त्याला. सेटिंगमध्ये त्याच्या रकान्यात कुणी हाताने नंबर भरलाय का, बघा बरं."

भरला होता. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेल्या जावयाने 'आई, याने वेग वाढेल' म्हणून भरला होता. त्या नंबरवरची सेवा आता बंद पडलेली. खूण काढून 'आपोआप' वर केली, आणि पान धाडकन उघडलं.

"मी स्वतः एकतीस वर्षं हेच काम केलं," बाई उत्साहाने म्हणाल्या. "एकदा काय झालं, एक गृहस्थ..."

"मॅडम, रांगेत बरेच जण आहेत."

"हो हो. ठेवा." त्यांना राग आला नाही. त्यांनीही कितीतरी जणांना असंच मध्येच तोडलं होतं. त्यातलं कोण घरी एकटं होतं, कोण जाणे.

मग त्यांनी ईमेलची पत्रपेटी उघडली. लेकीचा एकच निरोप होता, शनिवारचा. 'आई, उद्या जमणार नाही, मुलांना घेऊन तळ्यावर जातोय. पुढच्या रविवारी बोलू.' बस. वाचलास का, ठीक आहेस ना, काही नाही. चार दिवस बाई जगातून गायब होत्या आणि जगाला पत्ताच नव्हता.

त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं, वाचलं, पुसलं. दुसरं लिहिलं, त्यात टोमणे फार झाले. शेवटी तीनच वाक्यं उरली: 'गुरुवारपासून कॉम्प्युटर बंद होता. तुला कळलं नाही. मला वाईट वाटलं.' आणि हात मागे येण्याआधी पाठवून टाकलं.

दुपारी मोबाइल वाजला.

"आई, अगं मग फोन का नाही केलास?"

"तू करतेस का ते बघत होते."

मग लेक म्हणाली, "चुकलंच माझं. पण अशी परीक्षा नको ना घेऊ. मी नापास होते."

दोघी थोडं हसल्या. दर बुधवारी दुपारी चारला नुसता फोन करीन, असं लेकीने कबूल केलं.

पहिल्या बुधवारी तिचा फोन आला. दुसऱ्या बुधवारी आला, पण चारच मिनिटांपुरता. तिसऱ्या बुधवारी सव्वाचार झाले, साडेचार झाले. चौकशीबाईंनी मोबाइल उचलला आणि आपणच बटणं दाबली.

"काय गं, काही विशेष?" लेक धापा टाकत होती.

"काही नाही. सहज."

"आई, हात भरलेत माझे. ओट्यावर ठेवते हं फोन, तू बोल."

बोलायचं असं काहीच नव्हतं. पलीकडे नळ सुरू होता, झाकण पडलं, धाकटा काहीतरी मागत होता आणि लेक त्याला "नाही म्हणजे नाही" म्हणत होती, अगदी बाईंच्याच सुरात. मध्येच तिने विचारलं, "आहेस ना गं?"

"आहे," चौकशीबाई म्हणाल्या, आणि मोबाइल दुसऱ्या कानाला लावून आरामात टेकून बसल्या.