दुखायच्या आधी

कल्पना करा, तुम्ही दारात उभे आहात आणि तुमच्या आईने अर्धी इस्त्री झालेला सदरा तसाच टाकून दिला आहे. एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, खुर्चीत बसली, पाय स्टुलावर घेतले. फळीवरचं अंड्याच्या आकाराचं, पिळून वेळ लावायचं घड्याळ नुकतंच किणकिणून गप्प झालं आहे. समोर सोफ्यावर काका बसले आहेत. पण काकांच्या डोळ्यांनी बघू नका, दारातल्या मुलीच्या डोळ्यांनी बघा.

"दुखतंय का, वहिनी?" काकांनी विचारलं.

"आत्ता नाही, भाऊजी."

"मग बसलात कशाला?"

"घंटा झाली म्हणून."

काका हसले. हसण्याआधी आणखी कोण हसतंय ते बघून घ्यायची त्यांना सवय होती. "ऐकलंस का, दादा? आमच्या साहेबांनाही इतकी विश्रांती मिळत नाही."

बाबांनी मोबाइलवरून नजर उचलली नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्याच्या आधीपासून आईची पाठ दुखत होती. गोळ्या झाल्या, त्यांनी पाठीपेक्षा डोकंच जास्त बधिर केलं. इंजेक्शन झालं, तेवढा एक हिवाळा बरा गेला. ऑपरेशनने फरक पडेल असं वाटत नाही, हे सर्जनने सरळ सांगून टाकलं. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले आणि हे घड्याळ लावायला सांगितलं. दुखेपर्यंत काम रेटायचं नाही. दुखायच्या आधी थांबायचं, थोडं बसायचं, मग पुन्हा उठायचं. पूर्वी जरा बरं वाटलं की आई गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा अख्खा गठ्ठा उभ्याउभ्या संपवायची आणि मग अशी आडवी व्हायची, की मुलगी स्वतःच वेडीवाकडी वेणी घालून शाळेत जायची. घड्याळ आल्यापासून वेणी सरळ होती.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याचा त्यांना कधी त्रासही झाला नव्हता. आजवर त्यांनी चुंबकाचा पट्टा आणून दिला होता, तांब्याचं कडं दिलं होतं, आणि एक तेल, ज्याच्या वासाने शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. यातलं एकही त्यांनी स्वतः वापरलेलं नव्हतं. त्यांची पाठ ठणठणीत होती, आणि हे आपलंच कर्तृत्व असल्याच्या थाटात ते ती ताठ ठेवून बसत.

"निम्मं दुखणं मनात असतं, वहिनी. आमच्या साहेबांच्या मेहुण्याने पट्टा बांधला आणि डोंगर चढून आला! दादा, त्या दवाखान्याच्या फेऱ्या बंद कर बघू. बसायला शिकवतात म्हणे. त्याला काय उपचार म्हणायचं?"

"बघू," बाबा म्हणाले.

त्या 'बघू'ने आई उठली. तिने घड्याळ उचललं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण ढकलून दिला. इस्त्री पुन्हा सुरू केली.

"संपवूनच टाकते आज," ती हसून म्हणाली. हसताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"ही खरी हिंमत! बघितलंस, दादा? नुसतं बोलायचा अवकाश होता."

मग काका हिंमतीवर बोलले. हिंमतीवरून आपल्या बढतीवर आले, बढतीवरून पुन्हा पट्ट्यावर. सदऱ्यामागून सदरा होत होता. आई आता एका पायावर भार देऊन उभी होती. उद्या वेणी कोण घालणार, हे मुलीला त्या पायावरूनच कळलं.

तिने खण उघडला. घड्याळ काढलं. आईकडे नेलं नाही. काकांच्या समोर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि अगदी थोडं पिळलं.

"हे काय गं?"

"काही नाही, काका. बोला ना."

घड्याळ टिकटिकू लागलं. काका बोलू लागले, पण डोळे घड्याळावर. तेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते अर्ध्यावर आले आणि घंटा किणकिणली.

काका थांबले. आईचा हात सवयीने इस्त्रीच्या बटणाकडे गेला. ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर घेतले, आणि एक मोठा श्वास सोडला. बाबांनी मोबाइल खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आईकडे नीट बघितलं.

मग काकांनी घसा खाकरला.

मुलीने घड्याळ पुन्हा पिळलं.