छर्रा कुणी गिळला

"वहिनी, तुमच्या पोरीनं गिळला असंल," असं जीवराम मिस्त्री म्हणाला तेव्हा केतकी कुंदाच्या कडेवर बसून स्वतःचा अंगठा चोखत होती. कुंदाने आधी पोरीच्या तोंडात बोट घालून टाळू, जीभ, गालांच्या आतली बाजू चाचपली. मग तिला राग आला. आला तो असा, की पारोळा रोडवरच्या त्या गॅरेजातला कडुनिंबही तिला नकोसा झाला.

गाडी काही साधी नव्हती. कुंदाच्या नवऱ्याचा, अभिमनचा, डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला. त्याला क्लच दाबता येत नाही, म्हणून कुवेतहून परतलेल्या भावाने आपली बिनक्लचची गाडी त्याला दिली होती. त्या गाडीमुळे तो कुणाच्या स्कूटरवर मागे न बसता कॉलेजात जाऊ लागला. आता ती हिसके देत होती. जळगावच्या मिस्त्र्यांनी हात लावायला नकार दिला. जीवराम म्हणाला, गिअरच्या तेलाचं चेंबर उघडू, आतली व्हॉल्व बॉडी खाली घेऊ, धुऊ, परत बसवू, त्यात काय.

व्हॉल्व बॉडी म्हणजे तेलाला वाटा दाखवणारी जाड पाटी, आतून भुलभुलय्यासारखी कोरलेली. जीवराम गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून तिचे बोल्ट सोडवत होता तेव्हा कुंदा काठावर वाकून बघत होती. लेक झाल्यापासून तिला सगळ्यावरच नजर ठेवायची सवय लागली होती. ती म्हणाली होती, "भाऊ, सपाट धरा. आत काही सुटं असलं तर पडेल."

"वहिनी, सपाट तुम्ही पोळ्या लाटा," तो म्हणाला, आणि अभिमनसुद्धा हसला होता.

पाटी तिरकी खाली आली. घमेल्यात तेलाची धार पडली, आणि त्या धारेत कुंदाने टिंग असा बारीक आवाज ऐकला. तेवढ्यात फागणे गावचे चिंधा आबा डबा घेऊन आले. जुनं तेल बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून न्यायची गावोगावच्या गाडीवानांची रीत, आणि जीवराम ते कुणाला नाही म्हणत नसे. बैल जुंपलेले होते, आबांना घाई. मिस्त्रीने घमेलं त्यांच्या डब्यात उपडं केलं आणि आबा निघाले.

मग पाटी उघडली. आतल्या घरांत हरभऱ्याएवढे पोलादी छर्रे बसलेले, आणि एक घर घासून चकाकलेलं, रिकामं. जीवरामने पाटीखाली पाहिलं, खड्ड्यात पाहिलं, शेवटी केतकीकडे पाहिलं. मघाशी ती बाजेवर नटबोल्टच्या ताटलीशी खेळत होती, हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. छर्ऱ्यावाचून गाडी बसवून देतो, पण पुढे काही झालं तर आपल्याकडे यायचं नाही, हेही सांगितलं.

कुंदाने टिंग आवाजाचं सांगितलं. तो म्हणाला, गॅरेजात दिवसभर टिंगटिंगच चालतं. एवढ्यावर थांबलं असतं तर तिने सोसलं असतं. पण अभिमनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने रिक्षा थांबवली, एक्स-रे काढायचा म्हणाला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुझं लक्ष कुठं होतं?"

तिचं लक्ष. पोरीचा श्वास मोजत अंथरुणात जागी राहणारी ती, आणि लक्ष कुठं होतं म्हणे. बाजेवर पोरीने तोंडात घातलेली निंबोळी तिनेच काढली होती, तेव्हा या दोघांतल्या कुणी पाहिलं होतं? तिने केतकीला घट्ट धरलं आणि रिक्षात बसली. अभिमन काठी सावरत शेजारी चढला, तोवर तिने रिक्षावाल्याला फागण्याच्या बाजूला घ्यायला सांगितलं. दवाखाना उलट्या अंगाला होता. पण तो टिंग आवाज तिने ऐकला होता, आणि आज आपल्या कानांवर विश्वास ठेवला नाही तर पुढे जन्मभर कुणी ठेवणार नव्हतं.

बैलगाडी नाक्यापुढेच होती. कुंदाने धापा टाकत सांगितलं, तसं आबांनी बैल थांबवले, डबा खाली उतरवला.

"बठ्ठं वती टाक, माय," ते सगळं तेल ओतायची खूण करत म्हणाले. "वंगण परत मियी. पोरगीना जीव मोठा शे."

रिक्षावाल्याने डबा कलता केला. कुंदाने नव्या साडीचा पदर ताणून धरला आणि त्यातून तेल गाळलं. तळाशी काळा गाळ राहिला. त्यात बोट फिरवलं, आणि बोटाला गोल, गुळगुळीत काहीतरी लागलं. तेव्हा कुठे ती रडली, तीही तेवढ्यापुरतीच.

गॅरेजात शिरताच जीवराम हात पुढे करून म्हणाला, "सापडला ना? झालं मग. आणा इकडं."

कुंदाने मूठ मिटली. "आधी सांगा, कुणी पाडला."

शेजारच्या टायरवाल्यासकट सगळे थांबले. जीवराम पान्याकडे बघत पुटपुटला की घाईत आपल्याच हातून पडला. ती म्हणाली, मघाशी जेवढ्या आवाजात पोरीचं नाव घेतलं तेवढ्या आवाजात सांगा. त्याने सांगितलं.

अभिमन काहीतरी बोलायला पुढे आला. तिने केतकीला त्याच्या हातात दिलं.

"हिला धरा. आता तुम्ही लक्ष ठेवा," ती म्हणाली, आणि तेलाने माखलेला पदर खोचून खड्ड्याच्या काठावर बसली. छर्रा आपल्या घरात बसेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.