गिर्झीची न झालेली शाल

मी एक जुना कातडी पट्टा आहे. पण मित्रांनो, मी कुणाची पाटलोण सावरणारा पट्टा नव्हे. मी विणणाऱ्या बाईच्या कमरेचा. माझ्या उजव्या अंगाला घोड्याच्या शेपटीचे केस ठासून भरलेली एक उशी आहे आणि तिला भोकंच भोकं. उजव्या सुईचं टोक एका भोकात रोवलं की तिचा भार माझ्यावर येतो, बाईची बोटं मोकळी होतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या आमच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणतात, त्या माझ्याच जोरावर.

आधी हिशेब सांगतो, गोष्ट मागून. त्या शालीतून माझ्या मालकिणीला, म्हणजे गिर्झीला, काय मिळणार होतं? पहिलं नातवंड बाप्तिस्म्याला आपल्या आईच्या हातच्या सुतात गुंडाळून न्यायला मिळणार होतं. आणि चर्चच्या दारात बायका शाल चिमटीत धरून म्हणणार होत्या, "गिर्झीचा हात तो गिर्झीचाच." बास, एवढंच. माणसं एवढ्याशासाठी काय काय पणाला लावतात, ते मी तिच्या पोटाला चिकटून पाहिलं.

गिर्झी सात वर्षांची असताना गावच्या चांभाराने मला शिवलं. तेव्हा माझे तिला दोन वेढे बसायचे. पुढे साठ वर्षं मी तिच्या कमरेला होतो. तिच्या विणलेल्या जाळीच्या शाली अंगठीतून आरपार जायच्या. दूरदूरच्या बायका त्या पाहायला यायच्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पट्ट्याला कोण विचारतं! मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल.

त्या वर्षी तिचा मुलगा गिब्बी बोटीवर होता आणि सून मिना पोटुशी होती. गिर्झी गिब्बीची करडी जर्सी विणत होती. शेवटची बाही मनगटापाशी मिटली, धागा तुटला, आणि तिने ती मिनाच्या मांडीवर टाकली.

"बघ गं, कुठे काही राहिलंय का."

मिनाने शिवण न् शिवण पाहिली. एक टाका चुकलेला नव्हता. चुकेल कसा? जाड लोकर बोटांना कळते, तिला डोळे लागत नाहीत. पण त्या जर्सीनेच घात केला. गिर्झीला वाटलं, हात शाबूत आहे. तिने पेटीच्या तळातून आईने कातलेलं पांढरं सूत काढलं. मेंढीच्या मानेची लोकर हाताने उपटून कातलेलं ते सूत केसाहून बारीक होतं. एका शालीपुरतं होतं, वर एक वीतही नाही.

मग बेत सुरू झाला. कडेला किती कंगोरे, कोपऱ्यात किती, ते गिर्झीने जमिनीवर ओटचे दाणे मांडून ठरवलं. दहा कंगोऱ्यांना एक दाणा. ती चहा घ्यायला वळली तेवढ्यात कोंबडी आली आणि शालीचा एक अख्खा कोपरा खाऊन गेली. गिर्झी परत येऊन त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत समाधानाने म्हणाली, "बसला बरोबर."

मिनाने ओठ चावले. खाली वाकून गुपचूप दाणे पुन्हा मांडले.

मित्रांनो, खरं म्हणजे ही गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

आमच्याकडे शाल कडेपासून आत विणतात. आधी कंगोऱ्यांची लांबच लांब पट्टी, मग तिच्यावरून आतलं सगळं. कड चुकली की शाल चुकली. गिर्झी मांडीवर काळं फडकं पसरून बसायची, म्हणजे पांढरं सूत उठून दिसावं. पण तिला काळंच तेवढं दिसत होतं. दर टाक्याला सुईचा एक हलका धक्का मला बसतो. तिसऱ्याच कंगोऱ्यात एक धक्का कमी बसला. मग पाचव्यात दोन. मी मुका, काय करणार?

मिना मात्र मुकी नव्हती. गिर्झी रोज पट्टी पुढे करायची. "कशी झालीय?"

"आई, बर्फाची नक्षी जशी!"

"खोटं नाही ना बोलत?"

"तुमच्याशी? छे हो!"

तिला सासूचं मन मोडायचं नव्हतं, आणि अशा दिवसांत घरात रडारड नको होती. दोन्ही खरं होतं. चांगुलपणा स्वस्तात पडत होता, मिना रोज वापरत होती.

पट्टी पुरी झाली त्या दुपारी शेजारची ओस्ला आली. ओस्ला गिर्झीच्याच वयाची, जिभेने तिखट. तिने पट्टी खिडकीशी धरली आणि उलटून पालटून पाहिली.

"बोल की," गिर्झी म्हणाली. "जळलीस का?"

"गिर्झी, ही शाल आहे की मासे धरायचं फाटकं जाळं?"

"ओस्लामावशी!" मिना ओरडली.

"तू गप्प बस गं पोरी. तुला दिसत होतं ना? मग इतके दिवस काय सांगत होतीस तिला?"

मिना रडायला लागली. गिर्झी रडली नाही. 

तिने पट्टी उसवायला घेतली. एकपदरी सूत, तेही जुनं. हातभर निघालं की तुटायचं. संध्याकाळपर्यंत मांडीवर तुकड्यांचा पुंजका उरला. राहिलेल्यात शाल होणार नव्हती. दुसरीच्या हातचं सूत जोडलं तर ते शालीत डाग पडल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या दिवशी ओस्ला जाड लोकर घेऊन आली. "निदान नक्षी तरी सांग. तुझ्या आईची नक्षी दुसऱ्या कुणाला येत नाही. मी विणते."

"ती बोटांना येते गं, तोंडाला नाही."

"मग बोटांनी दाखव."

गिर्झीने सुई माझ्यात रोवली. दोन ओळी विणल्या, तिसरीत थांबली. मला माहीत होतं, त्या दोन्ही ओळी बरोबर होत्या. पण आता तिचा स्वतःच्या बोटांवर विश्वास उरला नव्हता. तिने मला कमरेवरून सोडलं आणि खुंटीला टांगलं. त्यानंतर तिने मोजाही विणला नाही. दिवसभर रिकामी बोटं मांडीवर हलायची. पुढच्या हिवाळ्यात गिर्झी गेली, तेव्हा तीही थांबली.

आता माझी शिवण उसवली आहे, आतले केस बाहेर आले आहेत. मला तेल लावा असं मी म्हणत नाही. म्हणतो ते एवढंच, की ज्याची नजर जाते आहे त्याला वेळेवर सांगा. मायेने सांगा, पण पहिल्या कंगोऱ्याला सांगा.

राहिला हिशेब. गिब्बीला जर्सी मिळाली. मिनाला मायाळू सून म्हणून नाव मिळालं. ओस्लाच्या वाट्याला बोलणी आली, आणि बाप्तिस्म्याला तिचीच शाल उसनी घ्यावी लागली. त्या शालीतून जी पोर चर्चला गेली, ती आज सात वर्षांची आहे. मला खुंटीवरून ओढते, लगाम समजून खुर्चीला बांधते आणि घोडा घोडा खेळते. काल तिने आईला विचारलं, "याला एवढी भोकं कशाला गं?"

मिना म्हणाली, "जुनं झालंय ना, म्हणून."

आजीची नक्षी त्या पोरीपर्यंत पोचलीच नाही. सगळ्याची किंमत तिनेच भरली, आणि तेव्हा ती जन्मलीही नव्हती.