टेंटर लेनचा मफलर आणि न आलेला नऊ नंबर

मी एक मफलर बोलतोय. हिरवा-पांढरा, हाताने विणलेला, ब्रॅकनशॉ अल्बियन या फुटबॉल क्लबचा. तुम्ही ऐकायला बसलात हे चांगलंच झालं, पण का बसलात ते आधी कळलं असतं तर बरं वाटलं असतं. रागावू नका. मी ज्या गळ्यात वाढलो, त्या गळ्याने मला कुणावरही चटकन विश्वास ठेवायला शिकवलेलं नाही.

तो गळा ट्रेव्हर ऑल्डक्रॉफ्टचा. ट्रेव्हरने जन्मभर गावातली बस चालवली, आता निवृत्त झालाय. हवामान खातं ऊन पडेल म्हणालं की हा छत्री घेऊन निघतो. रेफरीने आपल्या बाजूने निर्णय दिला की याला वाटतं, हा गृहस्थ आता पुढच्या अर्ध्या खेळात व्याजासकट वसूल करणार. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते इतक्या वेळा माझ्यातून गाळून बाहेर पडलंय, की संशय माझ्या लोकरीतच मुरला.

मला विणलं त्याच्या बायकोने, पॉलीनने. तिला फुटबॉलचा मनस्वी कंटाळा. टीव्हीवरची मालिका बघत ती विणायची, आणि त्या नादात कुठे थांबायचं हे विसरली. मी हवा त्याच्या दुप्पट लांब झालो. चुकून झालं, असं ती सांगायची. मला ते कधीच पटलं नाही, कारण बाई एरवी दुधाच्या बाटल्यासुद्धा मोजून घेणारी. काही असो, त्या लांबीचा उपयोग झाला. ट्रेव्हर लहानग्या लिंडसीला मैदानावर न्यायला लागला, तेव्हा माझं एक टोक त्याच्या गळ्यात असायचं आणि दुसरं तिच्या. थंडी दोघांनाही कमी लागायची आणि गर्दीत पोर हरवायची नाही.

पुढे पॉलीन घर सोडून गेली. आता ती स्पेनमध्ये एका माणसाबरोबर राहते. त्या माणसाला क्रिकेट आवडतं. ट्रेव्हरचं म्हणणं, ज्याला पाच-पाच दिवस चालणारा खेळ आवडतो, तो माणूस नक्की काहीतरी लपवतोय.

लिंडसी मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली. तिथल्या नगरपालिकेच्या रस्ते खात्यात ती नोकरी करते. बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं म्हणाल तर ‘बरी आहेस ना’, ‘बरा आहेस ना’, आणि संपलं. पण शनिवारी टेंटर लेनच्या मैदानावर, उत्तरेकडच्या गोलामागे शेजारी शेजारी बसले की दोघांच्या तोंडाला खळ नसे. मी दोघांच्या मध्ये असायचो म्हणून सांगतो, ते बोलणं फुटबॉलचं नव्हतंच. ‘हा पोरगा दमलाय, याला जरा बसवायला हवा,’ असं ट्रेव्हर म्हणायचा, तेव्हा तो लिंडसीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत असायचा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात क्लबने आपला स्ट्रायकर विकला. पाठीवर नऊ आकडा घालून सर्वांत पुढे उभा राहणारा, गोल करणारा तो एकच. तो गेला आणि आमचे गोल आटले. आमचं पब्लिक मैदानावर गरमागरम पाय खातं, म्हणजे आत खिमा भरलेली ती जाड पुरी. इकडे खायचे पाय संपायचे आणि तिकडे खेळणाऱ्यांचे पाय चालायचे नाहीत. क्लबचे मालक गॅरी स्टॅनवे, कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, विकून श्रीमंत झालेले, त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यात नवा नऊ नंबर आणतो. हसत सांगितलं. मला ते हसू आवडलं नाही. ते फार सरळ होतं.

मोसमातल्या शेवटच्या सामन्यानंतर बाप-लेक गरम चिप्सच्या दुकानाबाहेर रांगेत उभे होते. सामना आम्ही हरलो होतो हे वेगळं सांगायला नको.

“बाबा, या उन्हाळ्यात नऊ नंबर आणला नाही ना, तर पुढच्या वर्षी मी मोसमाचं तिकीट काढणार नाही,” लिंडसी म्हणाली. “आठवड्यात एक शनिवार मिळतो मला. घरात पोरं वाट बघतात. तो दिवस हे बघण्यात का घालवू?”

 ‘खेळासाठी नको येऊस, माझ्यासाठी ये’, एवढं वाक्य ट्रेव्हरच्या गळ्यात येऊन अडकलं होतं. मला ते स्पष्ट जाणवलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“व्हिनेगर जास्त घालायला सांगू का तुझ्या चिप्सवर?”

मला त्याचा इतका राग आला म्हणता! पण मफलर आवळून आवळून किती आवळणार.

त्या दिवसापासून ट्रेव्हरला नऊ नंबर हवा होता तो गोलासाठी नव्हे. इतरांना गोल हवे होते, याला लेक हवी होती. हे गावात फक्त मला ठाऊक होतं.

उन्हाळा सुरू झाला आणि अफवांना पालवी फुटली. आमच्या शेजारच्या खुर्चीवर मॉरिस टॅटरसॉल बसतो. त्याची मेहुणी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात चादरी बदलते, म्हणून जगातली सगळी आतली बातमी याच्याकडे. मॉरिसने सांगितलं, डेन्मार्कचा हेनिंग स्कोव्ह येतोय. ताडमाड उंच, पिवळ्या केसांचा, डोक्याने गोल मारणारा. झालं! पबमध्ये रोज त्याच्यावरून भांडणं. तो डावीकडे खेळेल की मध्ये, थंडी त्याला सोसेल की नाही, त्याची बायको इथे रमेल का. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. स्टॅनवे वर्तमानपत्रात म्हणाले, “आम्ही खूप जवळ आलो आहोत.” त्यावर ट्रेव्हरने एक अख्खी संध्याकाळ घालवली. जवळ म्हणजे कशाच्या जवळ, हे त्यांनी का नाही सांगितलं?

खेळाडूंच्या खरेदीला एक मुदत असते, तिला हे लोक खिडकी म्हणतात. ती बंद व्हायचा दिवस ऑगस्टअखेरचा. संध्याकाळी सातला खिडकी बंद, मग हिवाळ्यापर्यंत कुणी येत नाही. दुपारपासूनच क्लबच्या फाटकाबाहेर माणसं जमली. ऊन पडलं होतं तरी मी ट्रेव्हरच्या गळ्यातच. हवामान खात्याने ऊन सांगितलं होतं ना.

चारच्या सुमाराला एक काळी गाडी आली. आतून उतरला तो ताडमाड उंच, पिवळ्या केसांचा माणूस.

मॉरिस ओरडला, “स्कोव्ह!” आणि सगळं फाटक गायला लागलं. माणसं गाडीच्या टपावर थापा मारत होती. तो उंच माणूस बावरून हसत होता, हात हलवत होता. मी मात्र त्याच्या गाडीत डोकावून घेतलं. मागच्या सीटवर चिखलाने माखलेले रबरी बूट होते आणि एक घडीची तिपाई. कुठला स्ट्रायकर चिखलाचे बूट आणि तिपाई घेऊन फिरतो? मी ट्रेव्हरच्या मानेला टोचलो. माझी जाड लोकर टोचते म्हणून पॉलीन नेहमी कुरकुरायची, तसा जीव खाऊन टोचलो. पण व्यर्थ. जन्मभर ज्याने पाऊस-उन्हावर संशय घेतला, त्या माणसाने त्या एका घटकेला संशय घेतला नाही, आणि नेमका तेव्हाच घ्यायला हवा होता. त्याने मला गळ्यातून काढलं आणि त्या परक्याच्या गळ्यात घातलं. मग लगेच फोन लावला.

“लिंडसी, आला गं,” तो म्हणाला. “आला तुझा नऊ नंबर.”

मला घेऊन तो माणूस आत गेला. आत स्टॅनवे उभे होते. त्या माणसाने बिचाऱ्याने ओशाळून विचारलं, हे लोक मला कोण समजले? स्टॅनवे पोट धरून हसले. म्हणाले, समजू देत, सातपर्यंत तरी खूश राहतील.

मग ते दोघं उत्तरेकडच्या गोलामागे गेले. माणसाने बूट चढवले, तिपाई उभी केली आणि तो मोजायला लागला. तो जमिनीची मोजणी करणारा होता. आमच्या खुर्च्यांपासून नदीपर्यंत गवतावर त्याने नारिंगी रंगाच्या फवाऱ्याने खुणा केल्या. इथे रस्ता, इथे घरांची रांग, इथे गाड्या ठेवायची जागा. लिंडसी बसते तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर येणार होतं.

“तुम्ही खेळाडू घेणार नाही का मग?” त्याने सहज विचारलं.

“ज्या घराची कौलं उतरवायची, त्याला रंग कोण देतं?” स्टॅनवे म्हणाले.

माझी लोकर ताठ झाली. गावात एवढे कान होते, आणि ही गोष्ट ऐकायला मिळाली ती एका मुक्या मफलराला. त्या माणसाच्या हाताला रंग लागला होता. त्याने नकळत तो माझ्या पांढऱ्या पट्ट्याला पुसला. आयुष्यात मला डाग पडल्याचा आनंद त्या एकदाच झाला.

सात वाजले. क्लबने दोन ओळी जाहीर केल्या. प्रयत्नांची शिकस्त केली, वेळ अपुरा पडला, आम्ही दिलगीर आहोत. आमच्या तोंडाला पानं पुसली होती. फाटकावर एकच गदारोळ झाला. मोजणीवाला केव्हाच मागच्या दाराने निघून गेला होता. जाताना त्याने माझी नीट घडी करून मला कुंपणाच्या सळईवर ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे मी संशय बाजूला ठेवून कबूल करतो.

मी तसा सळईवर दिसलो आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला. स्कोव्हने आपला मफलर परत केला! मग तर्कांना ऊत आला. एक म्हणाला, त्याने आपली कपडे बदलायची खोली पाहिली आणि पळाला. दुसरा म्हणाला, डॉक्टरांना त्याच्या गुडघ्यात खोट सापडली. मॉरिसने मेहुणीच्या हवाल्याने सांगितलं, त्याच्या बायकोला गाव पसंत पडलं नाही. आता सगळेच संशय घेत होते, पण एकाचाही संशय जमिनीकडे वळत नव्हता, आणि खुणा तर गवतावरच पडल्या होत्या. ट्रेव्हर मला खिशात कोंबून घरी गेला. लिंडसीचे फोन येत राहिले, त्याने एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. त्या यंत्रावर माझा कधीच भरवसा नव्हता. आत जाताना मोजे जोडीने जातात आणि बाहेर येताना एकटे येतात, मग भरवसा कसा ठेवायचा? पण त्या दिवशी मी पुरता घाबरलो. डाग गेला असता तर माझी जीभच गेली असती. ट्रेव्हरने पावडर ओतली. दार लावणार, एवढ्यात घंटी वाजली.

लिंडसी आली होती, तासभर गाडी चालवून.

“फोन उचलत नाहीस, मला वाटलं पडलास की काय कुठे,” ती म्हणाली.

“नाही आला गं तो,” ट्रेव्हर म्हणाला. “हा बघ, मफलरसुद्धा परत देऊन गेला. धुवून ठेवतो. तुला आता लागायचा नाही.”

तिने मला यंत्रातून बाहेर ओढलं. पावडर झटकली. मग तिचा हात थांबला.

“बाबा, हा रंग कुठून आला?”

“असेल त्याच्या केसांचा.”

“केसांचा कसला? रस्ता खोदायच्या आधी आमची माणसं याच रंगाने खुणा करतात. माझ्या चार जीन्स गेल्यात यात. तो खेळाडू नव्हता बाबा. तो काहीतरी मोजायला आला होता.”

ट्रेव्हर खुर्चीत बसला. त्याच्या तोंडून ते जुनं वाक्य निघालं, पण या वेळी दबक्या आवाजात. कुठेतरी पाणी मुरतंय. मग दोघं तडक टेंटर लेनला गेले. कुंपणाच्या फटीतून गवतावरच्या खुणा दिसल्या, थेट त्यांच्या खुर्च्यांपर्यंत आलेल्या. लिंडसीने फोटो काढले आणि मॉरिसला पाठवले. खरी आतली बातमी त्याच्या हाती पहिल्यांदाच पडली होती. दुपारपर्यंत ती अख्ख्या गावाला ठाऊक झाली.

कुंपणापाशी उभं असताना लिंडसी म्हणाली, “मी तिकीट काढते.”

ट्रेव्हरला लगेच संशय आला. “का? नऊ नंबर तर आला नाही.”

“स्टॅनवेला दिसू दे ना, आपल्या खुर्च्या रिकाम्या नाहीत ते. तुला नकोय का मी?”

“मला तू हवी होतीस म्हणूनच तो नऊ नंबर हवा होता,” ट्रेव्हर म्हणाला. “गोल गेले खड्ड्यात.”

लिंडसी त्याच्याकडे वळली. “मग त्या दिवशी रांगेत बोलला का नाहीस? व्हिनेगर काय विचारत बसलास?”

 ट्रेव्हरने माझं दुसरं टोक तिच्या गळ्यात टाकलं. दोघांना अजून पुरलो मी. पॉलीनच्या त्या ‘चुकी’बद्दल माझा संशय आणखी पक्का झालाय.

आता शनिवारी आम्ही तिघं तिथेच बसतो. गोल अजून होत नाहीत. घरांना परवानगी द्यायची की नाही, याची सुनावणी नगरपालिकेत पुढच्या महिन्यात आहे. स्टॅनवे म्हणतात, सारा गैरसमज आहे, खेळाडूंच्या सरावासाठी खुणा केल्या. हसत म्हणतात. सुनावणीला लिंडसी मला पुरावा म्हणून घेऊन जाणार आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही, आणि चांगला लागेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्या माणसाचे बूट मी आधी बघेन.

माझं वय झालंय. कडा उसवल्यात, लोकर विरळ झालीय. पुढेमागे मी कुणाच्या हाती पडेन कोण जाणे, कदाचित तुमच्याही. तुम्ही चांगल्या मनाने म्हणाल, छान मफलर आहे, एवढा डाग तेवढा काढून टाकू. तुमच्या चांगल्या मनावर माझा विश्वास नाही असं नाही. पण हात जोडून एवढंच मागतो, मला धुवू नका.