पाणी दाखवलं

"आत्या, काय बी सांगा, पर खरं सांगू नका," सून सोनिया फोनवर म्हणाली.

भागूबाईनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता आणि बोट कुंडीतल्या मातीत खुपसलं होतं. मातीचा नुसता चिखल झाला होता. बोट तिनं नाकाशी नेलं. पावसाळ्यात मेंढीचा खूर कुजला की असाच वास येतो.

"मग काय सांगू?"

"एसीवाल्याचा धक्का लागला म्हना. न्हाईतर सूस रोडच्या नर्सरीत तसलंच झाड मिळतंय का बघा. ताईंना काय कळतंय?"

ताईंना सगळं कळणार होतं. कुंडीतला वड जेमतेम हातभर उंचीचा, पण वयानं सोनियापेक्षा मोठा. कल्पनाताईंच्या यजमानांनी, पाटबंधारे खात्यातल्या जनार्दनरावांनी, तो कचेरीच्या भिंतीतून उपटून आणला होता आणि दर बदलीला एसटीतून मांडीवर घेऊन गावोगाव हिंडवला होता. दोन वर्षांपूर्वी साहेब गेले. त्यांचे कपडे ताईंनी महिन्याभरात वाटून टाकले, चष्मासुद्धा देऊन टाकला. राहिला तो वड. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ताई त्याच्याशेजारी बसायच्या. लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला जाताना घराची किल्ली त्यांनी कामाला येणाऱ्या भागूबाईच्या हातावर ठेवली. "रोज नुसतं पाणी दाखवायचं, भागूबाई. बाकी काही करू नका."

एवढा मान भागूबाईला नेरे गावात कुणी दिला नव्हता. सोसायटीचा वॉचमन रोज तिची पिशवी तपासायचा, आणि तिच्या कनवटीला तर आख्ख्या फ्लॅटची किल्ली! तिनं कसूर केली नाही. ताटली भरून वाहीपर्यंत ती पाणी घालायची. खालच्या मजल्यावरच्या मॅडम वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकतं म्हणून ओरडल्या, तेव्हा हिनं शहाणपणा करून कुंडीची भोकं चिंध्यांनी बुजवली. पानं पिवळी पडू लागली तशी तिला वाटलं, तहान भागत नाही बिचाऱ्याची. मग ती संध्याकाळीही यायला लागली.

आणि आज ताई परत येत होत्या.

बेल वाजली. दार उघडताच ताईंनी बॅग तिथंच सोडली, चपलाही न काढता थेट बाल्कनी गाठली. भागूबाई मागं भिंतीला चिकटून उभी राहिली. कुंडीखाली कितीतरी पानं पडली होती. ताईंनी वाकून वास घेतला आणि झाड मातीसकट उपसून फरशीवर आडवं केलं. मुळं काळी, गिळगिळीत झाली होती. नुसतं बोट लावलं तरी त्यांची साल सुटून हातात येत होती.

"कुणी केलं हे?"

एसीवाला जिभेवर येऊन बसला होता. भागूबाईनं तो गिळला.

"म्या केलं."

"किती पाणी घालत होता?"

"दोन्ही येळंला. तुमीच म्हनला हुता, पाणी दाखवायचं."

"दाखवायचं म्हटलं होतं! ओतायचं नाही!" ताईंचा आवाज फाटला. "पोह्यांना वाफ दाखवतो, पापडाला विस्तव दाखवतो, तसं! नुसतं ओलं करायचं!"

भागूबाई भिंतीपासून पुढं आली.

"ताई, मेंढराला पाणी दाखवायचं म्हंजी त्यानं मान वर करंस्तवर पाजायचं. आमच्यात त्यालाच दाखवनं म्हनत्यात वो."

रागवायचं तरी कुणावर? भागूबाईनं कनवटीची किल्ली काढून पुढं केली.

"किल्लीचं नंतर बघू. आधी हे धरा."

भागूबाईनं खोड दोन्ही हातांनी धरलं, कोकरू धरावं तसं. ताई कात्रीनं कुजकं कापत गेल्या. शेवटी करंगळीएवढं एकच मूळ पांढरं निघालं. वाळू घातलेल्या कोरड्या मातीत झाड बसवलं.

"जगंल का?"

"माहीत नाही. मी सांगेपर्यंत आता पाणी नाही."

त्यानंतर सकाळ झाली की भागूबाईचा हात सवयीनं तांब्याकडे जायचा आणि ती तो मागं घ्यायची. उरलीसुरली पानं गळली. ताई रोज नखानं खोडाची साल जरा खरवडून बघायच्या. आत हिरवं दिसलं की चहा प्यायच्या. एका सकाळी आत तपकिरी निघालं. त्यांनी वर खरवडलं, खाली खरवडलं, मग फांद्या एकेक करून खरवडल्या; कुठंच हिरवं नव्हतं. कप कठड्यावर गार होत राहिला.

भागूबाई फडकं हातात धरून दारात उभी होती. किल्ली अजून तिच्याच कनवटीला होती. ती मागायचं ताईंनी नावच काढलं नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"भागूबाई," ताई मागं न बघता म्हणाल्या, "पाणी दाखवा त्याला."

ती तांब्या भरून घेऊन आली आणि अडखळली.

"ताई, तुमचं दाखवायचं, का आमचं?"

ताईंनी पदर तोंडाला लावला.

"तुमचंच दाखवा आता."

भागूबाई खाली बसली आणि तिनं तांब्या तिरका केला. धार हळूच सोडत राहिली. ताटली भरली, वाहायला लागली, पाणी बाल्कनीच्या कडेवरून खाली ठिबकू लागलं. खालून मॅडम ओरडल्या. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.