उंबऱ्याखालचा छापखान्याचा दगड

मी छापखान्यातला दगड बोलतोय. दगड म्हणून हिणवू नका, तुमच्यापेक्षा माझ्या ध्यानात जास्त राहतं.

छापेवाला माझ्या पाठीवर तेलकट शाईनं उलटी अक्षरं लिहायचा, ओलं फडकं फिरवायचा, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद दाबायचा. काम झालं की वाळूनं घासून पाठ कोरी. त्याला तासभर लागतो. कमी घासलं तर अक्षर आत मुरतं आणि शाई खाऊन पुन्हा वर येतं.

तेव्हा सम्राटाचं सरकार होतं. तोफा यांच्याकडं, आणि घाबरायचे कागदाला. एका मास्तरला त्यांनी तुरुंगात घातलं, त्याचं पुस्तक जाळलं. छापेवाला तेच चोरून छापत होता. शेवटचं पान माझ्या पाठीवर होतं आणि दारात टापा वाजल्या. यानं घाईनं वाळू ओतली.

तपासनीस आला. म्हणाला, पुस्तकावरच्या बंदीची नोटीस आत्ता छाप, मी इथंच बसतो. छापेवाल्याचं घासणं चालूच.

"किती घासशील? देव करायचाय का दगडाचा? बस झालं."

हात थांबवावा लागला. नोटीस माझ्याच पाठीवर लिहिली.

सरकारी नियम असा, की पहिला कागद तपासून शिक्का मारायचा. पहिला स्वच्छ निघाला. शिक्का बसला. चाळिसाव्या कागदावर मात्र 'पुस्तक बाळगणाऱ्यास कैद' याच्या खाली मास्तरची ओळ फिकट उमटली: राजा मेला तरी पेरणी थांबत नाही.

कागद वाळत घालणाऱ्या बायकोनं ती पाहिली. जवळ येऊन पुटपुटली, "अहो, दगड बोलायला लागला."

"बोलू दे. तू वाळत घाल."

थांबला असता तर तिथंच सापडला असता. तिनं सगळे कागद भिंतीकडं तोंड करून टांगले. तपासनीस गठ्ठा बगलेत मारून गेला.

सरकारच्याच माणसांनी त्या नोटिसा चौकाचौकात चिकटवल्या. लोक बंदी सोडून खालचंच वाचायचे.

मग शिपाई घण घेऊन आले. त्याआधीच बाईनं मला एकटीनं ओढत आणून उंबऱ्याशी पालथं घातलं होतं. माझ्यावर पाय देऊनच ते आत गेले, बाकीचे दगड फोडले, छापेवाल्याला घेऊन गेले. जाताना तो तेवढा मला ओलांडून गेला. परत आला नाही.

सरकारही गेलं. बाई थकली, पण अजून मला ओलांडूनच जाते. तुम्ही खुशाल चपला घासता. घासा. पण एकदा मला उलटा करा, ओलं फडकं मारा, शाईचा रूळ फिरवा.

ओळ आहे अजून.